पाण्यावरची रेंज

‘रेंज’ हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. आमच्या शिरवळच्या बाजारात भाजी विकणारी मावशीसुद्धा ‘जरा थांब बाबा, रेंज न्हाय’ असं सहज म्हणून जाते. गंमत अशी, की या शब्दाला आपण पावसाची आणि विजेची क्रियापदं लावली आहेत. रेंज ‘येते’ आणि ‘जाते’. जणू सगळा तिच्या मर्जीचा मामला! ती आली तर आपलं नशीब, नाही आली तर आपण हात वर करून गच्चीवर फिरायचं.

आज मला एवढंच सांगायचं आहे, की रेंज मर्जीने येत-जात नाही. तिला यायला रस्ता हवा असतो. तो कुठे अडला हे नीट पाहिलं तर पुष्कळदा थोडक्या खर्चात मोकळा करता येतो. आणि काही ठिकाणी तो मोकळा करणं ही चैन नाही, जिवाचा प्रश्न आहे.

शिरवळला हा प्रश्न फारसा जाणवत नाही. गाव नीरेच्या काठी, पुणे-सातारा महामार्गावर. आजूबाजूला कारखाने, पशुवैद्यकीय महाविद्यालय, रात्रंदिवस वाहतूक. मोबाईलचे मनोरे हाकेच्या अंतरावर. जवळच वीर धरण आहे आणि तिथून नीरेचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. परदेशात कालव्यांतून बोटी चालतात, माणसं त्या बोटींत संसार करतात, असं वाचलं की आमच्याकडच्या लोकांना नवल वाटतं. कारण आपला कालवा पाटकऱ्याचा, नावाड्याचा नव्हे. त्यातून पाणी जातं, नाव जात नाही. त्यामुळे बोटीत बसल्यावर फोनचं काय होतं, हे पाहायचं तर आम्हाला आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोयनेच्या शिवसागरावर जावं लागतं.

साताऱ्याहून कासच्या पठारावरून पलीकडे उतरलं की बामणोली लागतं. समोर पसरलेलं पाणी म्हणजे शिवसागर. लांबी पन्नास-साठ किलोमीटर, साठवण १०५.२५ अब्ज घनफूट. १९६०च्या दशकात हे पाणी अडलं आणि खोऱ्यातली कितीतरी गावं त्याखाली गेली. त्या पाण्यावर १,९६० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा राहिला, महाराष्ट्राचे कारखाने फिरले. पण जी माणसं काठावर वर सरकून राहिली, त्यांचा जुना रस्ताही पाण्यात गेला. तापोळा, बामणोली आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या अनेक वाड्यांना आजही लाँच हीच एसटी आहे. पर्यटक वासोट्याला जाताना त्याच पाण्यावरून जातो. त्याला ती सहल. गावकऱ्याला तो बाजार, दवाखाना आणि तलाठ्याचं ऑफिस.

त्या भागातल्या एका लाँचवाल्याचा भाऊ आमच्याकडच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडून एक हकिगत कळली. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत रात्री दुखायला लागलं. लाँच काढली. धक्क्यावर रुग्णवाहिका येऊन थांबावी म्हणून निघाल्यापासून चार माणसं फोन लावत होती. पाण्यावर कुणाचाही लागला नाही. लागला तो थेट धक्क्याला टेकल्यावर. मग रुग्णवाहिका बोलावली आणि ती घाट उतरून येईपर्यंत पेशंट किनाऱ्यावर घोंगडीवर पडून होता. म्हातारा वाचला. पण लाँचचा सगळा वेळ आणि गाडीची वाट पाहण्याचा वेळ, हे दोन्ही एकामागून एक गेले. फोन लागला असता तर ते दोन्ही वेळ एकदमच सरले असते. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली सुरू झाली. गाडी आहे, डॉक्टर आहे, नंबर पाठ आहे. मधे पाण्याचा तुकडा तेवढा मुका आहे.

आता हा तुकडा मुका का? मी काही इंजिनिअर नाही. मी कविता लिहिणारा, शिकलो बी.ए.पर्यंत. पण माझ्या बहिणीचा मुलगा टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो मला म्हणाला, ‘मामू, तुमच्या लहानपणीचा रेडिओ आठवा.’ पुणे केंद्र तेव्हा ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. त्या लहरीची लांबी पावणेचारशे मीटरच्या वर. एवढी लांब लहर डोंगराला वळसा घालून दरीत उतरते. मोबाईलची लहर मात्र वितीच्या हिशेबातली. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, २३०० मेगाहर्ट्झची अवघी १३. ती नाकासमोर चालते. आडवा डोंगर आला की पलीकडे तिची सावली पडते, आणि शिवसागर म्हणजे डोंगरांच्या सावल्यांतच पसरलेलं पाणी.

त्यात भर पाण्याची. भरलेल्या कोयनेची पातळी २,१६३ फुटांवर जाते. उन्हाळा संपता संपता ती काही वर्षी ऐंशी-शंभर फुटांनीही खाली गेलेली असते. म्हणजे लाँचही तेवढी खोल दरीत उतरते. दिवाळीत जिथे फोन लागतो, तिथे मे महिन्यात लागत नाही. लोक म्हणतात, ‘कंपनीने रेंज कमी केली.’ मनोरा तिथेच असतो, खाली गेलेलो असतो आपण. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा. मनोऱ्याकडून थेट आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर एकमेकींना कधी बळ देतात, कधी मारतात. म्हणून फोन हातभर वर-खाली केला तरी फरक पडतो.

आणि शेवटचा अडथळा आपण स्वतःच डोक्यावर घेतलेला असतो. तो म्हणजे पत्रा. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३६ साली दाखवून दिलं, की धातूच्या बंद पिंजऱ्यात बाहेरची वीज शिरत नाही. रेडिओच्या लहरीचंही तसंच. लाँचवर पत्र्याचं छप्पर, पावसाळ्यात बाजूंना ताडपत्री, आत दाटीवाटीने माणसं. आधीच थकून आलेली लहर तिथे दारातच बसते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे लाँचवाला, भाचा आणि मी, त्या पाण्यावरून चार फेऱ्या केल्या. माझं काम वहीत लिहिण्याचं. फोनवरच्या दांड्यांवर भाच्याचा विश्वास नाही. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत एक आकडा दिसतो, तो तो सांगायचा. हा आकडा नेहमी उणे असतो. मी आपला कर्जाचा हिशेब समजून घेतला. जितकं कमी देणं, तितका माणूस सुखी. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे ओढाताण, उणे १२० म्हणजे दिवाळं. आणि दर दहाने देणं कमी झालं की सिग्नलची ताकद दहापट होते.

मी वहीत ठिकाणं लिहू लागलो तेव्हा प्रश्न आला, पाण्यावरच्या जागेला नाव काय द्यायचं? लाँचवाल्याला तो प्रश्न पडलाच नाही. ‘चाचा, ल्हिवा, जुन्या वाडीवर. ह्ये जुन्या देवळावर. ह्ये आमच्या आज्याच्या वावरावर.’ त्याच्या डोळ्यांना पाण्याखालचा मुलूख दिसत होता. माझ्या वहीत बुडालेल्या गावांचा नकाशा उतरला आणि प्रत्येक नावापुढे एक उणे आकडा. जुन्या देवळावर उणे १०२. आज्याच्या वावरावर काहीच नाही.

त्या वहीतून जे हाती आलं ते असं. पत्र्याखाली जिथे उणे ११६ होतं, तिथेच छपराच्या वर बांबूला बांधलेल्या पिशवीतल्या फोनवर उणे १०४ आलं. बाराचा फरक, म्हणजे जवळजवळ सोळापट ताकद. तीही एका बांबूच्या भावात! त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू केला की खाली बसलेल्या माणसाच्या फोनवर निरोप जाऊ लागला. दुसरी गोष्ट, एका कंपनीचा मनोरा जिथे डोंगराआड जातो तिथे दुसरीचा दिसू लागतो. म्हणून लाँचवर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हवीत. तिसरी गोष्ट, कमी मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ७०० ते ९००च्या पट्ट्यातल्या लहरी अशा खोऱ्यात जास्त पोचतात. सिम घेताना स्वस्त प्लॅन पाहण्यापेक्षा तिथे कोणती लहर पोचते हे पाहावं.

मग भाच्याने पक्कं काम केलं. सिम घालायचा राउटर आणि बाहेर लावायचा अँटेना, दोन्ही बाजारात मिळतात. त्याने राउटर पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून थेट बांबूवरच, अँटेनाच्या पायाशी बसवला. मी विचारलं, ‘डबा खाली ठेवून वर नुसती वायर नेली तर?’ तो म्हणाला, ‘लांब वायरीत सिग्नल जिरतो, मामू. वर मिळवायचं आणि वायरीत सांडायचं, कशाला?’ खालून वर जाते ती फक्त लाँचच्या बॅटरीची १२ व्होल्टची तार. अँटेना चारी बाजूंनी घेणारा निवडला. एकाच दिशेला तोंड असलेला अँटेना घराच्या कौलावर उत्तम. लाँच मात्र वळली की त्याचं तोंड फिरतं. सगळा खर्च चार-पाच हजारांच्या घरात गेला. व्हिडिओ पाहण्याइतकं काही ते चालत नाही. काही वळणांवर आजही सगळं बंद पडतं. पण निरोप जातो. आता पेशंट घेऊन निघाले की लाँचवाला धक्क्याजवळच्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकतो आणि तो दुकानदार १०८ लावतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. ‘बूस्टर’ नावाचं यंत्र काही जण सुचवतात. ते सिग्नल पकडून मोठा करून पुन्हा हवेत सोडतं. परवान्याशिवाय ते लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२च्या जुलैमध्ये तशी जाहीर सूचनाही दिली होती. कायद्याचं सोडा, ते यंत्र आपल्या फोनला बरं करताना शेजारच्या दहा फोनांची रेंज बिघडवू शकतं. आमच्या डब्यातला राउटर हा नुसता उंचावर बसलेला फोन आहे. तो कुणाचं काही हिरावत नाही. आणखी एक ध्यानात ठेवावं. ११२ हा आणीबाणीचा नंबर लावताना आपल्या कंपनीची रेंज नसली तरी, दुसऱ्या कुणाची तिथे पोचत असेल तर फोन तिच्यावरून जाऊ शकतो. ‘रेंज नाही’ असं दिसलं तरी एकदा लावून पाहावा.

इंग्लंडातल्या कालव्यांवर हाच खटाटोप चालतो हे कळल्यावर मला मौज वाटली. तिथे सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग एक विश्वस्त संस्था २०१२पासून सांभाळते. त्यांवरच्या सात फूट रुंदीच्या पोलादी बोटींत हजारो माणसं राहतात. ज्यांना बांधायला कायमची जागा नाही, त्यांनी एका ठिकाणी साधारण १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही असा नियम आहे. म्हणजे दर पंधरवड्याला नवा मनोरा, नवी रेंज. पोलादाच्या आत फोन मुका होतो, म्हणून तेही छपरावर अँटेना लावतात. उपाय तोच, फक्त अडचण वेगळी. तिथल्या माणसाने बोट पुष्कळदा स्वतः निवडलेली असते. आमच्या खोऱ्यातल्या माणसावर ती आली.

फरक इथेच आहे. २०२०च्या टाळेबंदीत डोंगरदऱ्यांतली पोरं शाळेच्या तासासाठी टेकड्या चढत होती, हे आपण सर्वांनी पाहिलं. त्यानंतर २०२२च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० गावांत फोरजी पोचवण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगलंच झालं. पण ही मोजणी गावांची. गाव आणि दवाखाना यांच्यामधला रस्ता जिथे पाण्याचा आहे, तिथे तो रस्ता कुणी मोजायचा? कोयना अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत नवा मनोरा उभारायला वनखात्याच्या परवानग्या लागतात, आणि त्या लागाव्यातच. जंगल राखायलाच हवं. म्हणूनच लाँचच्या छपरावरचा डबा मला मोलाचा वाटतो. त्याला झाड तोडावं लागत नाही, परवानगीसाठी वर्षं घालवावी लागत नाहीत.

लाँचवर जीवरक्षक जॅकेट ठेवणं आज आपल्याला सक्तीचं वाटतं. कुणी त्याला चैन म्हणत नाही. त्याच यादीत एक अँटेना, एक राउटर आणि दोन सिमं लिहावीत, एवढीच माझी मागणी आहे. एका लाँचला लागणारे पैसे जिल्ह्याच्या कुठल्याही बजेटमध्ये नजरेतही येणार नाहीत. आणि मनोऱ्यांच्या बॅटऱ्या पावसाळ्याआधी तपासाव्यात. कारण खोऱ्यात वीज गेली की काही तासांत मनोराही झोपतो, आणि मग बांबू कितीही उंच केला तरी उपयोग नाही.

ज्यांच्या पाण्यावर आपल्या घरात दिवा लागला, त्यांचा फोन त्याच पाण्यावर लागावा. मागणं फार मोठं नाही. हातभर उंची आणि थोडी नजर, एवढ्यावर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं करायला सरकार आहे, कंपन्या आहेत, आणि तुम्ही-आम्हीही आहोत.