वाळवंटातील विवर आणि त्यातील मासा

वाळवंट म्हटले म्हणजे वाळू, उंट आणि मृगजळ एवढेच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. ती भूमी कोणाची आणि तिचा कारभार कोण पाहतो, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला सहसा निघत नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील पुढील हकीकत या दृष्टीने वर्गात सांगण्याजोगी आहे.

नेवाडातील सुमारे ८० टक्के जमीन तेथील मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. पण तिचा धनी एक असला तरी कारभारी अनेक. कुरणे व पडीत जमिनी यांसाठी एक खाते, राष्ट्रीय उद्यानांसाठी दुसरे, वन्य प्राणी व मासे यांसाठी तिसरे. आणि पाण्याचे परवाने द्यावयाचे ते राज्य सरकारच्या अभियंत्याने. एकाच माळावर चार दप्तरे!

या माळावर ‘डेव्हिल्स होल’, म्हणजे सैतानाचे विवर, या नावाचे चुनखडीच्या खडकातील एक भगदाड आहे. त्यातील पाणी कोमट असून त्याचा तळ पाणबुड्यांनाही गवसलेला नाही. इंचभर लांबीचा, निळसर झाकेचा पपफिश नावाचा एक मासा निसर्गतः केवळ या विवरातच आढळतो. पाण्याखाली कडेला खडकाची एक लहानशी पायरी आहे. तिच्यावर ऊन पडते, शेवाळ वाढते आणि मासा तेथेच अंडी घालतो. त्याचा सारा संसार काय तो त्या पायरीवर. अध्यक्ष ट्रूमन यांनी १९५२ साली विवराभोवतालची ४० एकर जमीन राखीव करून ती डेथ व्हॅली या राष्ट्रीय स्मारकाला जोडली.

कुंपण घालून जमीन राखता येते. भूगर्भातील पाणी मात्र कुंपण ओळखत नाही. १९६८ मध्ये शेजारच्या १२,००० एकरांच्या मळ्याने विहिरींवर पंप चालू केले. त्यांपैकी एक विहीर विवरापासून अडीच मैल दूर होती, तरी विवरातील पाणी उतरू लागले. भिंतीवर १९६२ साली तांब्याची एक चकती खूण म्हणून बसविलेली होती. पंप सुरू होण्यापूर्वी पाणी तिच्याखाली १.२ फूट असे. १९७२ मध्ये ते ३.९३ फुटांवर गेले. तीन फुटांखाली पाणी गेले की पायरी उघडी पडू लागते.

उद्यान खात्याने हरकत घेतली; राज्याच्या अभियंत्याने ती फेटाळून परवाने दिले. तेव्हा १९७१ मध्ये मध्यवर्ती सरकार न्यायालयात गेले. मळेवाल्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. तेथे गहू व चारा पिकत होता, हजारावर गुरे चरत होती आणि ८० हून अधिक माणसांचे पोट त्यावर अवलंबून होते. ‘मासा वाचवा’ आणि ‘मासा मारा’ अशा दोन्ही घोषणांच्या चिठ्ठ्या लोकांच्या मोटारींवर झळकू लागल्या. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : ज्या हेतूने जमीन राखीव ठेविली, त्या हेतूपुरते पाणीही तिच्यासोबतच राखीव झाले. पंप सर्वस्वी बंद करण्याची आज्ञा झाली नाही. पायरी बुडेल एवढी पातळी मात्र राखावी, असे ठरले. न्यायबुद्धीला मापाची जोड मिळाली, हे या निकालाचे खरे वैशिष्ट्य होय.

पुढे आसपासच्या जमिनीवर मोठे नगर वसविण्याचा बेत निघाला होता. ती जमीन एका निसर्गरक्षक संस्थेने खरीदली आणि १९८४ मध्ये तेथे ‘ॲश मेडोज’ हे वन्यजीव आश्रयस्थान झाले. विवर उद्यान खात्याकडे, भोवतालचे आश्रयस्थान मत्स्य व वन्यजीव खात्याकडे. राज्याच्या वन्यजीव खात्यासह तिघांचे अधिकारी मिळून माशांची गणती करतात.

ही गणती सदैव सुखावह नसते. २०१३ साली अवघे ३५ मासे उरले होते. २०२४ च्या वसंत ऋतूत १९१ मोजले गेले. त्यानंतर दूरच्या भूकंपांनी विवरातील पाणी हेलकावले, पायरीवरील शेवाळ व अंडी धुऊन गेली आणि २०२५ च्या आरंभी ३८ मासे भरले.