तुरीवरची अळी आणि दुकानातली उधारी

(नागपूरच्या शिबिरात आमच्या गटाने केलेले भाषण)



आतापर्यंत या शिबिरात दावे, पट्टे, मोजणी यावर बोलणं झालं. आम्ही आता अळीवर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, चळवळीत अळी कुठून आली? तर ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलं आहे की पट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. म्हणजे कायद्यानं सावकाराला जमीन घेता येत नाही. पण तूर तो खळ्यावरूनच उचलून नेतो. औषधाची उधारी वाढली की पट्टा आपल्या नावाचा आणि पीक दुसऱ्याच्या घरचं. म्हणून हा विषय हक्काचाच आहे.

पहिली गोष्ट, शत्रू ओळखा. शेंगा पोखरणाऱ्या अळ्या तीन जातीच्या. घाटेअळी शेंगेत तोंड खुपसते, अर्धं अंग बाहेर. हरभऱ्यात एक अळी ३० ते ४० घाटे खराब करते. दुसरी पिसारी पतंगाची, अंगावर बारीक केस असतात. ती आधी साल खरवडते, मग दाणा खाते. तिसरी शेंगमाशीची. ती शेंगेच्या आतच राहते, बाहेरून शेंग चांगली दिसते. भोक दिसलं तोवर माशी उडून गेलेली असते. तेव्हा मारलेला फवारा म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

दुसरी गोष्ट, मोजा. दुकानदार म्हणतो म्हणून फवारू नका, शेजाऱ्यानं फवारलं म्हणूनही नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग सापडले, तर धोका समजा. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर समजा. त्याहून कमी असतील तर पाखरांना काम करू द्या. वावरात काड्या रोवा, त्यावर कोतवाल, साळुंकी बसते, अळ्या वेचते. तुरीखाली पोतं अंथरून झाड हलवलं की अळ्या खाली पडतात, त्या गोळा करून मारा. याला एक रुपया लागत नाही.

तिसरी गोष्ट, पहिला फवारा निंबोळीचा, फुलं येताना. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा टाका आणि पाणी घालून १०० लिटर करा. पण निंबोळी पडते पावसाच्या तोंडावर आणि तूर फुलते दिवाळीच्या पुढेमागे. म्हणून आधीच वेचून, वाळवून ठेवावी लागते. घाटेअळीला रोग लावणारं विषाणूचं औषधही मिळतं. ते संध्याकाळी फवारा, उन्हानं त्याचा जोर जातो.

इतकं करूनही अळी वाढली तरच विषारी औषध. ते एकच घ्या, दोन-तीन मिसळू नका. डबीवर लिहिलं तेवढंच, मापानं. डबीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पक्की पावती मागा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. पऱ्हाटी फवारता फवारता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर, औषधं मिसळलेली, तोंडाला फडकं नाही. मेले ते बरेचसे मजुरीनं फवारणारे. आपली पोरंही दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारायला जातात. त्यांनी हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण अंगाचे कपडे मालकाकडून मागावेत. नाही दिले तर पंप पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या उलट फवारू नका, उपाशीपोटी जाऊ नका, तंबाखू खाऊ नका. चक्कर आली, नजर धूसर झाली तर लगेच दवाखाना, आणि डबी सोबत न्या. डबी पाहिल्यावर डॉक्टरला विष कोणतं ते कळतं.

आणखी एक. कायद्यानं जंगल आणि पाणी राखायची जबाबदारी ग्रामसभेला दिली आहे. पंप नाल्यात धुतला तर मासे मरतात, तेच पाणी खालचं गाव पितं. दुपारी फुलांवर फवारलं तर मधमाशी मरते.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. तेव्हा औषध आणायचं की नाही, उधार आणायचं की नाही, हे बाईला विचारल्याशिवाय ठरवू नका. घर तिला चालवावं लागतं.

आमची मागणी एवढीच. येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. निंबोळी गावानं मिळून वेचायची. सापळे गावानं मिळून आणायचे. आणि प्रत्येक टोल्यातून एक बाई, एक पोरगा आठवड्यातून दोनदा वावरं पाहून अळ्या मोजतील. लढून जमीन मिळवली, तिच्यावरचा दाणा आपल्याच कोठीत पडला पाहिजे.

जोहार!