प्रत्ययाचे पूर्वायुष्य



प्रत्यय म्हणजे शब्दाला जोडावयाचा निर्जीव तुकडा, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. स्पॅनिशमधील ‘मेन्ते’ हा प्रत्यय मात्र निराळी साक्ष देतो. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन. आपल्या ‘मति’ शब्दाचे हे सख्खे भावंड. ‘क्लारा मेन्ते’ म्हणजे ‘निर्मळ मनाने’. पुढे स्पॅनिशमध्ये या दोन शब्दांचा एकच ‘क्लारामेन्ते’ झाला, अर्थ, ‘स्पष्टपणे’. ‘लेन्तामेन्ते’ म्हणजे ‘सावकाश’. आता मन नसलेली नदीही तशी वाहू शकते.

मन गेले, तरी खुणा उरल्या. ‘मेन्स’ स्त्रीलिंगी, म्हणून तेथील विशेषण आजही स्त्रीलिंगीच असते. शिवाय ‘स्पष्टपणे आणि साधेपणाने’ हे स्पॅनिशमध्ये ‘क्लारा इ सेन्सियामेन्ते’ असे होते. प्रत्यय एकदाच, अखेरीस येतो; जणू तो अजून स्वतंत्र शब्दच आहे!

म्हणून या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने शिक्षकबंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. प्रत्ययांची यादी घोकून घेण्यापूर्वी एखाद्याचे पूर्वायुष्य वर्गात सांगावे. ‘आदरपूर्वक’मध्ये ‘पूर्वक’ का, असे एका मुलाने जरी विचारले, तरी व्याकरणाचा तो तास सार्थकी लागला, असे मी समजेन.