मार्सेलिस : एका बंदराचा नगरकारभार



मार्सेलिस हे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले ते ८ जुलै १९१० च्या घटनेमुळे. त्या दिवशी ‘मोरिया’ बोटीतून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी याच बंदरात समुद्रात उडी घेतली. मात्र ज्या शहराचा धक्का त्यांनी पोहून गाठला, त्या शहराचा कारभार कसा चालतो, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर येत नाही. फ्रान्सच्या या सर्वांत मोठ्या भूमध्यसागरी बंदराचा अनुभव स्थानिक स्वराज्याच्या प्रत्येक कार्यकर्त्याने विचारात घ्यावा असा आहे.

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकेया येथील ग्रीक दर्यावर्दींनी हे नगर वसविले. तेव्हापासून येथील वस्ती समुद्रमार्गेच वाढत गेली. इटालियन मजूर आले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील संहारातून वाचलेले आर्मेनियन आले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तेथील फ्रेंच कुटुंबे आली. पुढे उत्तर आफ्रिकेतून आणि कोमोरो बेटांतून कामगार आले. १९७५ मध्ये लोकसंख्या ९ लाखांच्या वर गेली होती. नंतर जुन्या बंदराचे उद्योग मंदावले, अनेक कुटुंबे आसपासच्या गावांत राहावयास गेली आणि १९९९ च्या गणनेत हा आकडा ८ लाखांच्या खाली उतरला. त्यानंतर वाढ पुन्हा सुरू होऊन २०२० मध्ये तो सुमारे ८ लाख ७० हजार झाला.

लोकसंख्येचा आकडा हा नगरकारभाराचा पाया होय. हा पाया किती भुसभुशीत असू शकतो, हेही याच शहराने दाखविले आहे. १९३६ च्या गणनेत येथे ९ लाख १४ हजार लोक नोंदले गेले. १९४६ मध्ये ते ६ लाख ३६ हजार भरले. एवढी तूट केवळ युद्धाने पडली नव्हती. आधीचा आकडाच फुगविलेला होता, असे अभ्यासक मानतात. ज्या नगरसभेला आपल्या माणसांची खरी मोजदाद नाही, तिला त्यांच्या रक्षणाची तरतूद तरी कशी करता यावी?

या प्रश्नाचे उत्तर २८ ऑक्टोबर १९३८ रोजी मिळाले. कानबिएर या मुख्य रस्त्यावरील एका मोठ्या बहुमजली दुकानाला आग लागली आणि ७३ माणसे मृत्युमुखी पडली. नगराचे अग्निशमन दल अपुरे आणि अव्यवस्थित ठरले. १९३९ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने शहराचा कारभार एका खास प्रशासकाच्या हाती सोपविला आणि त्याच वर्षी आग विझविण्याचे काम नौदलाच्या तुकडीकडे दिले. ही तुकडी आजही शहराच्या सेवेत आहे. नगराने आपले प्राथमिक कर्तव्य पार पाडले नाही म्हणजे त्याचे स्वराज्यही संकुचित होते, हा या घटनेचा बोध आहे.

गमावलेला अधिकार परत मिळविण्याचा काळही पुढे आला. १९५३ ते १९८६ अशी ३३ वर्षे गास्तों देफेर हे येथील महापौर होते. १९८१ मध्ये ते फ्रान्सचे गृहमंत्री झाले आणि २ मार्च १९८२ चा विकेंद्रीकरणाचा कायदा त्यांच्याच पुढाकाराने संमत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिस, लिऑं आणि मार्सेलिस या तीन शहरांसाठी वेगळा कायदा आला. शहराचे १६ प्रभाग विभागांत गुंफण्यात आले आणि प्रत्येक विभागाला स्वतःची सभा व स्वतःचा महापौर मिळाला. १९८७ पासून दोन प्रभागांचा एक, असे ८ विभाग आहेत. पाळणाघरे, लहान बागा, क्रीडांगणे यांची व्यवस्था विभागाकडे आली. परंतु कर बसविण्याचा अधिकार आला नाही. नगरसभा देईल तेवढ्या निधीवरच त्यांना भागवावे लागते. विभागांच्या सीमांचाही वाद झाला. १९८३ च्या निवडणुकीत सबंध शहरात मते अधिक मिळाली प्रतिस्पर्धी झाँ-क्लोद गोदँ यांच्या याद्यांना, पण बहुमताच्या जागा मिळाल्या देफेर यांना.

यानंतर ५ नोव्हेंबर २०१८ चा दिवस उजाडला. आगीच्या त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, नोआय वस्तीतील ओबान्य रस्त्यावर दोन जीर्ण घरे कोसळली आणि ८ जण ठार झाले. आगीला तेव्हा ८० वर्षे होऊन जेमतेम आठवडा उलटला होता. कोसळलेल्या घरांपैकी एक खाजगी मालकीचे होते, दुसरे नगराशी संबंधित गृहनिर्माण संस्थेचे होते. धोकादायक इमारतींचा अधिकार महापौरांकडे, आरोग्यास अपायकारक घरांचा केंद्राच्या प्रतिनिधीकडे, तर गृहनिर्माणाचे धोरण २०१६ मध्ये ९२ गावे-नगरे मिळून झालेल्या महानगर संस्थेकडे, अशी ही वाटणी होती. अधिकारी अनेक होते. पण त्या भिंतीला पडलेल्या भेगांची अखेरपर्यंत जबाबदारी घेणारा कोण, हे रहिवाशाला कळत नव्हते. दुर्घटनेनंतर हजारो लोकांना घरे सोडावी लागली. २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत एक माजी उपमहापौरही होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणुकीचा कायदा बदलला. २०२६ च्या निवडणुकीपासून मतदाराने दोन मते द्यावयाची : एक विभागसभेसाठी, दुसरे सबंध शहराच्या नगरसभेसाठी. नगरसभेच्या जागा १०१ वरून १११ झाल्या. १९८३ ची विसंगती दूर करण्याचा हा मार्ग होय. परंतु मतपेटी सुधारली म्हणून भिंत सावरत नाही.

सत्ता लोकांच्या जवळ नेणे आवश्यकच आहे. मात्र तिच्यासोबत पैसा आणि स्पष्ट जबाबदारीही गेली पाहिजे. माणसे खरी मोजली जावीत, सीमा न्याय्य आखल्या जाव्यात, आणि तक्रार घेऊन आलेल्या नागरिकाला ‘हे आमचे काम नव्हे’ हे उत्तर कोणत्याही दारात ऐकावे लागू नये. मार्सेलिसने हा धडा दोनदा, आणि माणसांच्या प्राणांचे मोल देऊन घेतला आहे. इतरांनी तो ऐकून शिकावा, यातच शहाणपण आहे.