अंगावरून जाणं आणि घरचं दही

(देगलूर येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी गटात बसलो असताना एकीने पदराआडून विचारलं, "ताई, दह्याचा बोळा ठेवला की खाज जाते म्हणतात, खरं का?" सगळ्या हसल्या. मग हळूहळू सात-आठ हात वर झाले. त्यांनी ठेवला होता. मीही ठेवलेला आहे, म्हणूनच बोलते.

दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, खाज सुटते, लघवीला आग होते, वास मात्र फारसा नसतो, तेव्हा ती बहुधा बुरशीची लागण असते. ही बुरशी अनेकींच्या अंगात एरवीही थोडी असते. अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या, दिवस राहिले किंवा शुगर वाढली की ती माजते. नवऱ्याने संशय घ्यावा किंवा आपणच शरमेने मरावं, असं त्यात काही नाही.

आता दही. योनीत आम्ल तयार करणारे चांगले जंतू असतात, दह्यातही तसे असतात, म्हणून ही समजूत. पण आपल्या विरजणातले जंतू वेगळे, ते तिथे घर करतील याचा भरवसा नाही. गारव्याने घटकाभर आग थांबते, एवढंच. लसणाचंही तसंच. काचेच्या बशीत लसणाचा अर्क बुरशी मारतो हे खरं. पण मेलबर्नमध्ये ६३ बायकांवर चाचणी झाली, २०१४ साली ती छापून आली. काहींना दोन आठवडे लसणाच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्या दिसायला तशा. ठोस फरक दिसला नाही. आणि पाकळी आत ठेवली तर नाजूक कातडी भाजते ती वेगळीच.

म्हणून कुणी आपल्या आज्यांना अडाणी म्हणू नये. १९७० नंतर अमेरिकेतल्या शिकल्यासवरलेल्या बायकांच्या गटांनीही हेच दही-लसूण एकमेकींना सुचवलं. डॉक्टर ऐकून घेत नव्हते, ही तक्रार त्यांचीही होती.

माझं सांगते. एका दवाखान्यात पडदा न ओढता, रांगेसमोर, मोठ्याने विचारलं गेलं, "कुठे खाजतं?" मी पुन्हा ती पायरी चढले नाही. दोन वर्षं दह्यावर काढली. आठ दिवस बरं, की पुन्हा सुरू. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर शुगर तीनशेच्या वर! दोन वर्षं अंग तेच सांगत होतं, आणि मी त्याला दही लावत होते.

आपण एकट्या नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी जगापुढे मांडली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. लपवण्याची दुसरी बाजूही आपल्याच मराठवाड्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातं म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं होतं. एकीकडे दह्याचा बोळा, दुसरीकडे थेट ऑपरेशन. मधली साधी तपासणी कुठे गेली?

बुरशीवर साधं औषध आहे. क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री योनीत ठेवायची, किंवा फ्लुकोनॅझोलची एक गोळी तोंडाने. ही दुसरी गरोदर बाईने घ्यायची नाही. पण आधी तपासून घ्या, कारण घाण वास, हिरवं-पिवळं जाणं ही बुरशी नव्हे, तिचं औषध वेगळं. संबंधानंतर रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं, ओटीपोटात दुखून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. वर्षात तीन-चारदा खाज परत आली तर शुगर तपासा. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही औषधं फुकट मिळतात. पडदा ओढायला सांगा, तपासताना बाई हजर हवी म्हणा, तो आपला हक्क आहे. दही भाकरीशी खा, काही हरकत नाही.

सोमवारी सकाळी आपण सगळ्या मिळून देगलूरच्या सरकारी रुग्णालयात जाऊ. दाराजवळच्या वहीत नाव लिहा. लिहिता येत नसेल तर माझ्या कानात सांगा.