ओढ बसते तिथला टाका



बक्षिसं झाली, आता पाहुण्यांचं भाषण आणि मग नाच, हा क्रम मला ठाऊक आहे. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. मी आटपाडीला शिवणाचा वर्ग चालवते. मघाशी तुमचं हस्तकलेचं दालन बघताना नववीच्या टेबलापाशीच अडकले. पोरांनी चिंध्यांचे चौकोन शिवलेत. आराखडा नाही, मापाचा कागद नाही. हाताला लागली ती चिंधी घ्यायची, तिला दुसरी जोडायची, कात्रीनं कड सरळ करायची, की तिसरी. आपल्या माणदेशात वाकळीचा दर्शनी भाग असाच होत आला.

त्यातल्या दोनच चौकोनांबद्दल बोलते. पहिल्यात मधोमध भगवा तुकडा आहे, बहुतेक कुणाच्या तरी फेट्याचा. त्याच्याभोवती हिरवी पट्टी फिरवत आणलीय आणि चौथ्या बाजूला ती चार बोटं कमी पडलीय. तिथं जांभळ्या फुलांचा तुकडा लावलाय, तोही उलटा; फिकी बाजू वर. खाली चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलंय, ‘इथे चुकले.’ बाई, ती चिठ्ठी काढून टाका. त्या फिक्या जांभळ्यामुळंच भगवा उठून दिसतोय. हिरवी पट्टी पुरली असती तर चौकोन नीटनेटका झाला असता आणि मी पुढं निघून गेले असते.

दुसरा चौकोन दिसायला सगळ्यात देखणा. लाल-पिवळ्या पट्ट्या, टाके एकसारखे बारीक. पण उलटा करून पाहिला, तर शिवणीला माया जेमतेम दोन-तीन धाग्यांची! एका वाकळीत चार भावंडं झोपतात आणि चौघंही चार बाजूंनी ओढतात. ही शिवण पहिल्याच हिवाळ्यात सुटणार. शिवाय लाल कापड कोरं सुती आणि पिवळं सिंथेटिक साडीचं. पहिल्या धुण्यात कोरं सूत आटतं, सिंथेटिक जागचं हलत नाही, आणि मग सगळीकडं चुण्या पडतात. या चौकोनाला पहिला नंबर मिळालाय. परीक्षकांचा मान राखून सांगते, मी दिला नसता.

वर्गात मुली विचारतात, चुकलं की उसवायचं का? जिथं ओढ बसते तिथला टाका उसवायचा, मग तो कितीही सुबक असो. जिथं तो नुसता डोळ्याला खुपतो, तिथं कात्री खाली ठेवायची आणि पुढची चिंधी त्याच्याकडं बघून निवडायची. चुका करा, चुका छानच असतात, असं हल्ली भाषणांत फार ऐकू येतं. उरेब कापलेली पट्टी ताणून शिवून बघा, मग कळेल छान काय असतं ते.

आपल्या आज्ज्यांना हे न सांगता कळायचं. अंगणात लुगडं अंथरायचं, आत फाटकी धडुती पसरायची, वर दुसरं लुगडं, चार कोपऱ्यांवर दगड. मग कडेनं धावदोरा घालत फेऱ्या-फेऱ्यानं आत यायचं आणि दर फेऱ्याला तळहातानं कापड सपाट करायचं. ते राहिलं, तर मध्यावर फुगा येतो. तो फुगा त्या उसवायच्या, कारण तिथं कापड सरकतं आणि लवकर विरतं. मधेच निळा दोरा संपून लाल सुरू झाला, तर मात्र कुणी ढुंकून बघत नसे.

लांबची गोष्ट सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज् बेंड नावाचा गाव आहे. गुलामगिरीत राबवलेल्या लोकांच्या लेकी-नाती तिथं नवऱ्यांच्या विजारी फाडून गोधड्या शिवायच्या. खिसा उसवला की त्याखालचं न विटलेलं निळं कापड चौकोनासारखं दिसतं. तो डाग त्यांनी लपवला नाही, तसाच दर्शनी बाजूला ठेवला. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली.

आणि जवळची गोष्ट तर तुमच्याच गावची. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली इथं म्हसवडला सुरू झाली. त्याआधी तिच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि इथल्या बायकांचा परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण कित्येक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. सही येत नव्हती, ती ओढ बसणारी जागा. ती त्यांनी उसवून नव्यानं घातली. तोंडी हिशोब मुळातच पक्का होता. त्याला त्यांनी हात लावला नाही, उलट तोच पुढं केला.

तो लाल-पिवळा चौकोन कुणाचा, मला माहीत नाही. ज्याचा असेल त्यानं उद्या तो उसवावा, लाल कापड रात्रभर भिजवून वाळवावं, पिवळ्याच्या जागी सुती घ्यावं आणि अर्धा इंच माया सोडून शिवावं. पट्ट्या अरुंद होतील, चौकोन लहान पडेल. कडेला भर घालता येते. सुती चिंध्या कमी पडत असतील, तर माझ्या वर्गात जुन्या लुगड्यांचं एक गाठोडं पडून आहे. या आठवड्यात एसटीनं पाठवून देते. फक्त बाई, रंग जुळवून वाटून देऊ नका. पोरांना गाठोड्यात हात घालू द्या.