बंच, सेट की बॅच?

आजचा मुद्दा छोटा, पण कामाचा.

केळ्यांचा घड, कोथिंबिरीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, फुलांचा गुच्छ. मराठीत चार शब्द. इंग्रजीत चारही ठिकाणी 'बंच' चालतो. म्हणून वाटतं, इंग्रजीत कुठलाही शब्द कुठेही चालेल. तसं नाहीये.

मी एकच प्रश्न विचारते: या वस्तू एकत्र का आहेत?

एक हरवली तर बाकीच्या अपुऱ्या? 'सेट', जशा बुद्धिबळाच्या सोंगट्या. एकामागून एक, क्रमाने येतात? 'सिरीज'. कुणी आवडीने जमवल्यात? 'कलेक्शन'. एकत्र बांधल्यात? 'बंडल'. एकाच खेपेत तयार झाल्यात? 'बॅच'. भज्यांचा एक घाणा म्हणजे एक बॅच, बस्स!

एवढ्याने काय फरक पडतो? पडतो ना. औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर असतो. दोष निघाला, तर त्या बॅचचा माल परत मागवतात. तिथे तुम्ही मेलमध्ये 'सेट' लिहिलंत, तर नेमका कुठला माल थांबवायचा, हे समोरच्याला कळणार कसं?

तेव्हा मेल पाठवण्याआधी स्वतःला विचारा: एकत्र का? भेटू पुढच्या भागात!